पान चारशे बारा

१४ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. पहिल्या शंभर पानांत एकसष्ट फरक. माझे तेवीस, तुझे अडतीस. पेनड्राइव्हवरच्या दोन्ही प्रती इथल्या यंत्रावर पुन्हा ताडून पाहिल्या, आकडा बरोबर आहे. म्हणजे निवृत्त म्हातारा जिंकला आणि सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी भाची हरली. हे मी तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जिंकलात ना, मग आता भाजी चिरा."

नियम एकदा कागदावर असावेत म्हणून लिहितो. ताडपत्राच्या फोटोंचा एकेक संच दोघांकडे. मी अ प्रत टंकायची, तू ब. मजकुराबद्दल फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. दोन टंकक बोलायला लागले की त्यांच्या चुका एकसारख्या होतात, आणि दोघांची सारखी चूक कुठलंही यंत्र पकडू शकत नाही. जे सांगायचं ते पत्रात, आणि पत्र फायलीत. प्रत्येक गठ्ठ्यानंतर दोन्ही प्रती दोघांकडे राहतील. आणि एक: शंभर पानांत चाळीस-पन्नास फरक म्हणजे दोन जिवंत माणसं कामाला बसली होती. आकडा दहाच्या खाली गेला तर आनंदू नकोस, घाबर.

विहारातले मोठे भन्ते परवा भेटले. सुत्तांची ती पोथी आता उलगडतही नाही, कडा हाताला भुकटीसारख्या लागतात. म्हणाले, "पुढे कुणी विचारलं तर तुमची फाइलच दाखवावी लागेल." आठशे पानं आहेत. बघ बुवा.

तुला आमच्या निरोपसमारंभाची गंमत सांगितली नाही. विभागप्रमुख उठले आणि म्हणाले, "सरांनी चौतीस वर्षं संगणकशास्त्राची सेवा केली, त्यातली बावीस वर्षं टायपिंग केलं." सगळे खो-खो. या लिपीच्या एकेका अक्षराला मी क्रमांक दिला, तेव्हा यंत्राला ती ठाऊकही नव्हती. पण ते संशोधनात धरत नाहीत, त्यापायी तीनदा बढती हुकली, हे सगळं त्या हसण्यात आलं. मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, भाषणात तीन चुका झाल्या. ब प्रत आहे का?"

तू माझ्या वर्गात होतीस तेव्हा दोन मिनिटं उशीर झाला म्हणून मी तुझी गैरहजेरी मांडली होती. ताई लेकीपायी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. आज ती असती तर अडतीसचा आकडा ऐकून पुन्हा अबोला धरला असता.

तुझा
मामा


२६ जून

ती. मामांना,
नमस्कार.

पत्र मिळालं. अडतीसपैकी एकोणीस चुका एकाच जोडाक्षराच्या आहेत. ते मी चुकीचं शिकले होते. दुरुस्त केलं आहे, पुढच्या गठ्ठ्यात ती होणार नाही.

उरलेल्या एकोणिसांत चौदा ठिकाणी नजर घसरली आहे. तोच परिच्छेद एका शब्दाच्या फरकानं पुन्हा येतो आणि डोळा वरच्याऐवजी खालच्या ओळीवर जातो. आता मी ओळीवर पट्टी ठेवते. तुम्हीही ठेवावी.

यायचं म्हणाल तर सध्या कामामुळे जमणार नाही.

विभागप्रमुखांना दिलेलं उत्तर आवडलं.

मुंगी


११ जानेवारी

ती. मामांना,
नमस्कार.

पाचवा गठ्ठा, पानं ४०१ ते ५००. एकूण फरक एकशे अठ्ठावीस. माझे बावीस, तुमचे एकशे सहा.

आकडा तीनदा तपासला. आधीच्या चार गठ्ठ्यांत तुमच्या चुका तेवीस, एकवीस, सव्वीस, चोवीस अशा होत्या. या गठ्ठ्यातही ४११ पर्यंत फक्त दोन आहेत. पान ४१२ वर एक परिच्छेद तुम्ही पाच वेळा टंकला आहे. ताडपत्रावर तो दोनदा आहे. तिथून पुढे जवळजवळ प्रत्येक पानावर काहीतरी आहे.

चष्म्याचा नंबर बदलला आहे का? पट्टी ठेवता ना?

मुंगी


२३ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

एकशे सहा! यादी पाहून मला वाटलं तू माझ्या नावावर वर्गातल्या सगळ्या पोरांच्या चुका चढवल्यास. चष्मा बदलला. खुर्चीही बदलली. मामी म्हणते आता नवराच बदलायचा राहिला.

खरं सांगू, त्या दिवसांत सर्दी होती. पाचव्या गठ्ठ्याचं एवढं मनावर घेऊ नकोस. जिथे फरक तिथे फोटो पाहून तू निर्णय घेतेसच, मजकूर सुरक्षित आहे. यादी म्हणजे काही प्रगतिपुस्तक नव्हे.

तुला आमच्या निरोपसमारंभाची गंमत सांगितली होती का? विभागप्रमुख उठून म्हणाले, सरांनी चौतीस वर्षं सेवा केली आणि त्यातली बावीस वर्षं टायपिंग केलं. मी म्हणालो, "तीन चुका झाल्या, ब प्रत आहे का?" हशा!

सहावा गठ्ठा सुरू केला आहे.

तुझा
मामा


२ फेब्रुवारी

मुंगे,

हे पत्र फायलीत लावू नकोस. ह्यांना ठाऊक नाही मी लिहिते आहे ते.

सर्दी वगैरे काही नव्हती. गेल्या महिन्यात ह्यांनी संगणकाचा पासवर्ड भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला. मी पुसायला गेले तर अंगावर आले. पासवर्ड कागदावर लिहिणाऱ्या पोरांचे मार्क कापणारा माणूस हा. तुला आठवत असेल. परवा बँकेतून घरी यायला तीन तास लागले आणि बूट दुसऱ्याच कुणाचे होते. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ह्यांनी गोल काढला, छान, हातानं काढलेला वाटणार नाही असा, आणि सगळे आकडे एकाच बाजूला भरले. मग माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला विसरता येत नाही.

तुझी यादी यायची असते त्या दिवशी हे सकाळी दाढी करतात. इस्त्रीचा शर्ट घालतात. पोस्टमन आला की मलाही पाकीट फोडू देत नाहीत. मागची यादी आली तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. टेबलाशी नुसते बसून होते, मी हाक मारली तर म्हणाले, "एकशे सहा."

पगारी टंकक मिळत होता, मुंगे. भन्तेंनी माणूस दिला होता. ह्यांनी हट्टानं तुलाच घेतलं. ताई गेल्यावर तू या घरात पाऊल टाकलं नाहीस, फोन उचललास तर हो-नाही एवढंच. हे म्हणाले, "कामाचं पत्र असेल तर ती उत्तर देईलच."

मला तुमच्या त्या लिपीतलं काही कळत नाही. फक्त एवढं विचारते, यादी थोडी लहान करता येत नाही का?

तुझी
मामी


९ फेब्रुवारी

ती. मामींना,
नमस्कार.

यादी मी तयार करत नाही. दोन प्रतींची तुलना करून यंत्र काढतं. नुसती यादी कापली तर मामा तिकडे पुन्हा ताडून पाहतील आणि त्यांना कळेल.

डॉक्टरांच्या रिपोर्टची एक प्रत पाठवा.

बघते.

मुंगी


१७ एप्रिल

ती. मामांना,
नमस्कार.

सहावा गठ्ठा, पानं ५०१ ते ६००. एकूण फरक एकोणचाळीस. तुमचे अठरा, माझे एकवीस.

नवा चष्मा मानवलेला दिसतो.

मुंगी


२८ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

अठरा! मी दोन्ही प्रती इथे ताडून पाहिल्या, अठराच! मामीला हाक मारून दाखवलं. ती पदर डोळ्याला लावून आत निघून गेली. बायकांना आकड्यांतलं काही कळत नाही, पण माझा आनंद कळला असेल.

तुला सांगतो मुंगे, मध्यंतरी मी फार घाबरलो होतो. कुणाला बोललो नाही. सकाळी उठलं की हे घर कुणाचं, असं क्षणभर वाटायचं. वर्गात फळ्यापुढे उभं राहावं आणि मागे फळाच नसावा, तसं. म्हटलं संपलं आपलं. पण अठरा म्हणजे डोकं शाबूत आहे. डॉक्टरला काय कळतं, त्याला दोन प्रती कुठे असतात?

भन्तेंना कळवलं, वर्षअखेर पोथी पुरी करून देतो. ते खूश झाले.

आमच्या निरोपसमारंभात एक गंमत झाली होती. प्रमुख काहीतरी टोचून बोलले. मी उठलो आणि असं काही उत्तर दिलं की सभागृह हसत सुटलं. काय बोललो ते मात्र आत्ता आठवत नाही. फार छान होतं.

तुझा
मामा


१९ जुलै

ती. मामांना,
नमस्कार.

सातवा गठ्ठा, पानं ६०१ ते ७००. एकूण फरक एकेचाळीस. तुमचे वीस, माझे एकवीस.

प्रमुख म्हणाले होते, सरांनी बावीस वर्षं टायपिंग केलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, भाषणात तीन चुका झाल्या. ब प्रत आहे का?"

मुंगी


६ ऑगस्ट

मुंगी,

आज डोकं स्वच्छ आहे. अशा सकाळी आता मोजक्याच येतात, म्हणून आजच लिहून टाकतो.

सातव्या गठ्ठ्याची यादी बाजूला ठेवली आणि नुसती अ प्रत वाचत बसलो. पान ६५५. सुत्ताच्या मधोमध, त्याच लिपीत, मी वर्गाची हजेरी टंकली आहे. एक हजर, दोन हजर, तीन गैरहजर, असं चाळीसपर्यंत. कधी टंकली ते मला माहीत नाही. मग म्हटलं, ठीक आहे, मुंगीच्या प्रतीत नसेलच, मग चाळीस फरक यादीत कसे आले नाहीत? ब प्रत उघडली.

तुझ्याकडेही हजेरी आहे. एक हजर, दोन हजर, तीन गैरहजर.

एखादं अक्षर दोघांचं सारखं चुकू शकतं. हजेरी चुकत नाही.

मग मी फोटो घेऊन सहावा गठ्ठा पहिल्यापासून पाहिला. जिथे मी ओळ गाळली तिथे तू गाळलीस. जिथे मी तेच तेच टंकलं तिथे तूही टंकलंस. वर पाच-पन्नास खोटे फरक पेरलेस, आकडा खरा दिसावा म्हणून. काम सफाईदार आहे. मीच शिकवलं आहे.

मित्राच्या नावानं 'हजर' म्हणणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढायचो, आठवतं? तू माझी प्रॉक्सी लावलीस. वर्गात नव्हतो मी, मुंगी. तू हात वर केलास आणि मी तिकडे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, अठरा अठरा करत घरभर फिरलो.

दया करायला घरात माणूस आहे. तुला मी दया करायला घेतलं नव्हतं, दुसरी प्रत म्हणून घेतलं होतं. मी कुठे आहे हे मला सांगणारं जगात एकच काही उरलं होतं, आणि ते तू खोटं केलंस.

दोन प्रश्न आहेत. खोटं कुठल्या पानापासून सुरू झालं? आणि मी कुठल्या पानापासून गेलो?

आकडे कळव. दुसरं काही लिहू नकोस.

मामा


१४ ऑगस्ट

ती. मामांना,
नमस्कार.

खोटं पान ५०१ पासून.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पान ४१२. तिसरी ओळ.

दुसरं काही लिहू नको म्हणालात, तरी दोन तांत्रिक बाबी नोंदवणं आवश्यक आहे.

एक. माझी खरी ब प्रत मी वेगळी ठेवली आहे. पान ७०० पर्यंत पूर्ण आहे, तिला हात लावलेला नाही. शेवटी तीच भन्तेंकडे जाणार होती. सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. हा सगळा निर्णय माझा एकटीचा होता. मामींचा त्यात काही भाग नाही.

दोन. पान ६५५ च्या हजेरीबद्दल. ती मी खोटी ब प्रत करताना पाहिली होती. दोन्ही प्रतींतून काढून टाकणं शक्य होतं, तुम्हाला कधीच कळलं नसतं. पण तुमच्या प्रतीतलं एकही अक्षर मी बदललेलं नाही. बाकी सगळं केलं, ते केलं नाही. शिवाय त्या हजेरीत सत्तावीस नंबर हजर आहे. तो माझा नंबर. प्रत्यक्ष वर्गात तुम्ही मला दोनदा गैरहजर मांडलं होतं आणि एकदाही बदललं नव्हतं.

ती ओळ मी माझ्या हातानं पुन्हा टंकली. त्या दिवशी पुढचं पान झालं नाही.

मुंगी


२ सप्टेंबर

मुंगी,

४१२ तिसरी ओळ. बरोबर. मीही तिथेच बोट ठेवलं होतं, पण विश्वास नव्हता. आता आहे.

कामाचं लिहितो. अ प्रत ४१२ पासून टाकून दे. ५०१ नव्हे, ४१२. जिथे माणूस नव्हता तिथे त्याची प्रत नको. टंककांच्या नोंदवहीत ४११ पर्यंतच माझं नाव ठेव, पुढे खोडून टाक. तुझी खरी ब प्रत असेल कितीही चांगली, पण एकट्याची प्रत म्हणजे प्रत नव्हे. दुसरा टंकक लागेल. भाषा न येणारा मिळाला तर उत्तम. भाषा येणारा मनानं दुरुस्त्या करतो. न येणारा दिसतं तेच टंकतो.

मामी समोर बसली आहे. म्हणते मला लिपी येत नाही. मी म्हटलं, तीच पात्रता आहे.

तिनं तिच्या पत्राचंही सांगितलं. तू नाव घेतलं नाहीस, तिनं घेतलं. तुम्ही दोघी...

माझा राग गेला असं समजू नकोस. गेला की नाही ते मला उद्या आठवणार नाही, म्हणून आजच लिहितो: राहिला नाही.

मामा


२० नोव्हेंबर

मुंगे,

पहिली पन्नास पानं पाठवते आहे, ४१२ ते ४६१. पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळला आहे, फुटू नये म्हणून. फुटतो का तो?

अडीच महिने लागले. ह्यांनी पहिले काही दिवस शिकवलं. ह्या चित्राला ही कळ, त्या चित्राला ती. एकेका अक्षरापुढे मी टाचणी हरवल्यासारखी वाकून बसते. ह्यांनी सांगितलं होतं, टंकताना बोलायचं नाही, मला विचारलंस तरी मी सांगणार नाही. ते नियम अजून पाळतात. म्हणजे आता सगळंच बोलणं कमी झालं आहे, पण मी समजते की नियम पाळताहेत.

इतकी वर्षं मी या कामाचा राग केला. जेवणाचं ताट गार व्हायचं ते ह्याच्यापायी, तीनदा बढती गेली ती ह्याच्यापायी. आता रोज सकाळी आवरून मीच त्या खुर्चीवर बसते आणि हे मागे उभे राहतात. परवा म्हणाले, "बाई, तुमचा हात चांगला आहे. कुणाकडे शिकलात?" मी म्हटलं, "एका सरांकडे." म्हणाले, "कडक असतील." मी म्हटलं, "फार." बरं वाटलं त्यांना.

तुझी जुनी पत्रं मी वाचून दाखवते, फायलीतली. ब प्रत आहे का, ते ऐकून हे दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात. काल विचारलं, "ही पत्रं कोण लिहितं?" मी म्हटलं, "मुंगी. ताईंची मुलगी." म्हणाले, "रोल नंबर काय?"

मला ठाऊक नाही गं. पत्रात कुठेतरी असेल, पण ऑगस्टचं ते पत्र ह्यांनी फायलीत लावलं नाही, कुठे ठेवलं आहे सापडत नाही. पुन्हा पुन्हा विचारतात. पेन हातात धरून बसतात, मांडायला. कळव.

तुझी
मामी


१ डिसेंबर

ती. मामींना,
नमस्कार.

पेनड्राइव्ह नीट पोचला. फुटत नाही.

पानं ४१२ ते ४६१. एकूण फरक चव्वेचाळीस. तुमचे एकतीस, माझे तेरा. प्रत्येक फरक फोटोशी ताडला. तुमच्या सगळ्या चुका तुमच्याच आहेत आणि माझ्या सगळ्या माझ्या. एकही सारखी नाही. ही यादी मामांना वाचून दाखवा, आकडा दोनदा सांगा. त्यांना कळलं नाही तरी सांगा.

पान ४१२ वर तो परिच्छेद तुम्ही दोनदाच टंकला आहे. बरोबर आहे.

नोंदवहीत पुढच्या पानांवर टंकक अ म्हणून तुमचं नाव लिहिलं. ४११ पर्यंत मामांचं आहे, शाईनं.

माझा रोल नंबर सत्तावीस. पण त्यांनी विचारलं तर माझ्या वतीनं 'हजर' म्हणू नका. त्यांना प्रॉक्सी चालत नाही. तोवर गैरहजर मांडू द्या, ते बरोबरच आहे.

शनिवारी सकाळी दहाला पोचते. येऊन मीच सांगेन.

मुंगी